शब्दचर्चा : ‘रीअलाइनमेंट’ला ध्रुवीकरण म्हणावं की पक्षांतर?

अमेरिकी राजकारणावरच्या लेखांत ‘पोलिटिकल रीअलाइनमेंट’साठी (म्हणजे मतदारांचे मोठे गट एका पक्षाकडून दुसऱ्याकडे कायमचे सरकणं) ध्रुवीकरण, पक्षांतर, पुनर्रचना असे तीन शब्द दिसतात, यांतला बरोबर कोणता, असा प्रश्न आहे. माझ्या मते एकही नाही. ‘मतदारांची फेरजुळणी’ म्हणावं, आणि त्यातला ‘मतदारांची’ हा भाग गाळू नये.

पक्षांतर नेता करतो. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थरमंड १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन पक्षात गेले, ते पक्षांतर. दक्षिणेतला गोरा मतदार पुढच्या काही दशकांत त्याच दिशेने सरकला, ती फेरजुळणी. पुनर्रचना आपल्याकडे मतदारसंघांची होते, त्यामुळे वाचकाला सीमा बदलल्यासारखं वाटतं.

ध्रुवीकरण हा शब्द जास्त फसवा आहे, कारण तो खोटा नाही, नंतरचा आहे. वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या २७ जणांपैकी २१ डेमोक्रॅट होते. कायद्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष जॉन्सनही डेमोक्रॅटच! म्हणजे खरी फूट उत्तर आणि दक्षिण यांच्यात होती आणि ती पक्षाच्या आतून जात होती. मतदार नव्याने जुळले, एका विचाराचे लोक एका पक्षात गोळा झाले, तेव्हा कुठे दोन पक्षांतलं अंतर आजच्याइतकं वाढलं.

क्रियापद आणि काळही जपावा. ‘१९६४ मध्ये फेरजुळणी झाली’ हे वाक्य चुकीचं आहे. त्या वर्षी कायद्याला विरोध करणारे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गोल्डवॉटर यांनी स्वतःच्या अ‍ॅरिझोनाखेरीज अति-दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली, हे खरं. पण १९७६ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत जॉर्जियाच्या कार्टर यांनी व्हर्जिनिया सोडून सगळी जुनी दक्षिण (यादवी युद्धात फुटून निघालेली राज्यं) डेमोक्रॅटांकडे परत आणली, आणि प्रतिनिधिगृहातलं रिपब्लिकन बहुमत ४० वर्षांनी, १९९४ च्या निवडणुकीत आलं. तेव्हा ‘सुरू झाली’, ‘होत गेली’ असं लिहावं.

‘दोन्ही पक्षांची अदलाबदल झाली’ हेही टाळावं. अदलाबदल म्हटली की देणं-घेणं एकाच वेळी होतं. इथे लिंकनच्या, म्हणजे रिपब्लिकन पक्षाला मत देत आलेले उत्तरेतले कृष्णवर्णीय मतदार १९३६ मध्येच मोठ्या संख्येने डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे वळले होते. १९३० च्या दशकातल्या महामंदीतल्या सरकारी मदतकामांचा त्यात मोठा वाटा होता. दक्षिणेतले वर्णभेदवादी गोरे तेव्हा त्याच पक्षात होते आणि पुढेही बरीच वर्षं राहिले. म्हणून कोणता मतदारगट आणि कोणता काळ, हे दोन्ही वाक्यात यायला हवं : ‘१९३० च्या दशकातली कृष्णवर्णीय मतदारांची फेरजुळणी’.

जाता जाता ‘लाल राज्यं’ आणि ‘निळी राज्यं’ यांविषयी. रिपब्लिकनांना लाल आणि डेमोक्रॅटांना निळा हा संकेत २००० च्या निवडणुकीपासून रुळला. १९८४ मध्ये रेगन यांनी जिंकलेली राज्यं काही वाहिन्यांच्या नकाशावर निळी होती. त्याआधीच्या इतिहासाबद्दल लिहिताना सरळ पक्षाचं नाव द्यावं.