जलमापक बसवण्याआधी आणि बसवताना

गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद नव्याने स्वीकारलेल्या आपल्यासारख्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की, मीटर विकत घेण्याआधी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडून मान्य आकार व प्रकार लेखी घ्यावा. १५ ते ५० मिलिमीटरच्या घरगुती मीटरसाठी आयएस ७७९ हे भारतीय मानक आहे; त्यानुसार आयएसआय चिन्ह आहे का ते पाहावे आणि चाचणी प्रमाणपत्रावरील क्रमांक मीटरवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः जुळवावा, कारण हा क्रमांक जुळला नाही तर ते प्रमाणपत्र त्या मीटरचे ठरतच नाही.

बसवणी परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावी. आधी जलवाहिनी धुऊन काढावी, नाहीतर वाळू व गाळ थेट मीटरच्या चक्रात अडकतो. मीटरवरील बाण पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने असावा, तबकडी वर यावी आणि मीटर सदैव पाण्याने भरलेला राहील अशा खालच्या पातळीवर तो बसवावा. हवा शिरली की मोजणी चुकते आणि त्याचा भुर्दंड सर्व सभासदांना पडतो. दोन्ही बाजूंना झडपा ठेवाव्यात.

सुरुवातीचे वाचन अधिकाऱ्यांसमक्ष नोंदवून घ्यावे. मीटरचे सील मात्र कोणत्याही कारणाने, गळती असली तरीही, स्वतः तोडू नये. विभागाला लेखी कळवून पोच घ्यावी.