लक्ष लागत नाही आणि गोळ्या आधीच चालू आहेत, डॉक्टरांना खरं सांगू का?

तू २४ चा आहेस म्हणून सरळ अरेतुरे करतोय, राग मानू नको. तुझा प्रश्न असा की दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास चाललाय, पुस्तक उघडलं की पाच मिनिटात मन भलतीकडे, रूममेटने जागायच्या गोळ्या दिल्या त्या आता रोज लागतात, एडीएचडी (लहानपणापासून लक्ष टिकत नाही तो आजार) आहे का बघायला डॉक्टरकडे जायचंय पण हे सांगितलं तर "हा व्यसनी दिसतोय" म्हणून ते औषधच देणार नाहीत अशी भीती वाटते.

सांग. पण नुसतं सांग म्हणून भागत नाही हे मला माहितीय, कारण मी स्वतः पहिल्या वेळी डॉक्टरसमोर बसून धडधडीत खोटं बोललोय आणि त्यापायी आठ महिने घालवलेत. मी डॉक्टर नाही, सोलापुरात टॉवेल-चादरीवाल्यांची अकाउंट्स लिहितो, वय ३७. त्यामुळे जे लिहितोय ते पेशंटच्या खुर्चीतून.

आमच्या धंद्यात महिन्याच्या दोन तारखा महत्त्वाच्या, ११ आणि २०, जीएसटी रिटर्नच्या. बाकी महिनाभर मी काय करायचो तर पाच पार्ट्यांच्या फायली एकदम उघडायच्या, एकाची दोन बिलं टाकायची, फोन आला की उठायचं, परत आल्यावर कुठली फाईल होती तेच आठवायचं नाही, मग चहा. आणि १० च्या आणि १९ च्या रात्री सगळं काम एका दमात. त्या रात्रींसाठी ओळखीच्या एका पोराने मोडाफिनिलची (झोप येऊ न देणारी गोळी) पट्टी दिली. पहिल्या रात्री वाटलं अरे हे तर जादू आहे बे, बाकीचे लोक असेच जगतात का काय रोज. मग महिन्यातून दोन रात्री झाल्या, मग चार, मग रोज संध्याकाळी सहाला एक.

झोप उडाली, छातीत धडधड व्हायला लागली म्हणून घराजवळच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पट्टा बांधला, बीपी १५०/९६, नाडी ११२. त्यांनी विचारलं, चहा किती? म्हटलं दोन-तीन. तंबाखू? नाही ओ. आणि हे बोलताना शर्टाच्या खिशात चुन्याची डबी होती, वर डोकावत होती, मी हात नेऊन ती खाली दाबली. दुसरं काही औषध चालू आहे का? नाही. त्यांनी बीपीची गोळी दिली आणि एक टेन्शनची. महिन्याने बीपी तसंच, डोस वाढवला. ह्यात त्या माणसाची काय चूक सांग? मी पक्क्या बिलांची फाईल दाखवली आणि कच्च्याचं सगळं ड्रॉवरमध्ये ठेवलं, मग टॅली कसं होणार. माझ्याकडे असा व्यापारी आला तर मी त्याच्यावर ओरडतो.

शेवटी झालं असं की एका १९ च्या रात्री मी चादरवाल्याचा विक्रीचा आकडा टॉवेलवाल्याच्या रिटर्नमध्ये टाकून मोकळा झालो. थ्री-बी (ते २० तारखेचं रिटर्न) एकदा भरला की दुरुस्त करता येत नाही, पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करत बसावं लागतं. पार्टीने जे काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी बायको म्हणाली, गोळी खाऊन पण हेच होणार असेल तर गोळी कशाला? ह्याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. मग मानसोपचारवाल्या मॅडमची अपॉइंटमेंट घेतली.

जायच्या आदल्या रात्री एका जुन्या चलनाच्या मागे सगळं लिहून काढलं, अगदी वहीत लिहितात तसं, वेळ आणि मापासकट. सकाळी ७ चहा, ९ चहा आणि तंबाखू, ११ चहा... मोजल्यावर हाफ धरून दहा चहा, सहा-सात वेळा तंबाखूचा बार, रिटर्नच्या रात्री वीस रुपयेवाल्या एनर्जी ड्रिंकच्या दोन बाटल्या आणि संध्याकाळी ६ ची गोळी. लिहिताना मलाच लाज वाटली. तोंडी सांगायचं असतं तर मी परत "दोन-तीन चहा" म्हणालो असतो हे नक्की.

मॅडमनी तो कागद वाचला, काही बोलल्या नाहीत, पेनाने फक्त "६" ला गोल केला. म्हणाल्या ह्या गोळीतलं निम्मं औषध अंगातून जायलाच बारा ते पंधरा तास लागतात, म्हणजे तुम्ही सकाळी सातला चहा पिता तेव्हा जवळजवळ अर्धी गोळी अजून आत आहे. रात्री झोप नाही, सकाळी डोकं जड, म्हणून चहा, चहाने धडधड, त्यावर बीपीची गोळी, आणि परत संध्याकाळी सहाला तीच. आठ महिन्यांचा हिशोब त्या बाईने दोन मिनिटात मांडला.

दुसरं त्यांनी तंबाखूबद्दल सांगितलं ते तर मला माहितीच नव्हतं. निकोटीन पण उत्तेजकच, आणि त्याची तलफ आली की लक्ष न लागणं हे तलफेचंच लक्षण आहे. म्हणजे दर दीड-दोन तासांनी माझं मन फायलीवरून उडायचं ते एडीएचडीने का तंबाखूच्या बाराची वेळ झाली म्हणून, हे बाहेरून कुणाला कळणार? आमच्या घरात तंबाखूला कुणी नशा म्हणतच नाही. वडील आयुष्यभर पॉवरलूमवर होते, तिकडे तर शिफ्टमध्ये बार भरणं म्हणजे पाणी पिण्यासारखं.

मला वाटतं मुद्दा इथंच आहे. शुगरला रक्ततपासणी आहे, हाड मोडलं तर एक्सरे आहे, तू खोटं बोललास तरी रिपोर्ट खरं बोलतो. एडीएचडीला रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. तू काय सांगतोस, घरचे काय सांगतात, शाळेत काय होतं, ह्यावरच ठरतं सगळं. तुझं बोलणं हाच रिपोर्ट. त्यात तू फेरफार केलास तर पकडणारं दुसरं काही नाही आणि औषध चुकीच्या माणसाचं निघणार.

शाळेचं म्हणशील तर त्याला कारण आहे. मोठ्या माणसात एडीएचडी म्हणायचं तर लक्षणं बारा वर्षांच्या आतपासून असायला लागतात, आणि एका ठिकाणी नाही, घरी पण आणि कामावर किंवा शाळेत पण. म्हणून मॅडमनी दुसऱ्या वेळी आईला घेऊन यायला सांगितलं. आई तिथं सुरूच झाली, ह्याची आठवीपर्यंत तीन दप्तरं हरवली ओ मॅडम, दुधाला पाठवलं की किटली तिथंच ठेवून यायचा, प्रगतिपुस्तकावर दरवर्षी बाई एकच लिहायच्या, हुशार आहे पण लक्ष नाही. मॅडम सगळं लिहून घेत होत्या. मग मधेच आईला विचारलं, तुम्ही दात कशाने घासता? आई एकदम खुशीत, मशेरीने. माझी हसता हसता पुरेवाट. पण बघ, "तंबाखू खाता का" विचारलं असतं तर आई छातीठोकपणे नाही म्हणाली असती, आणि तिच्या दृष्टीने ते खोटं पण नव्हतं. तेव्हा डॉक्टर जे नाव घेतील त्याच्याच उत्तरावर थांबू नको. जिमला जात असशील आणि कुणी मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन दिलं असेल (ते ऑपरेशनच्या वेळी पडलेलं बीपी वर आणायचं औषध आहे, पोरं व्यायामासाठी मारतात, डोकं फिरलंय लोकांचं) तर ते सांग, सर्दीच्या गोळ्या सांग, दारू-गांजा काय असेल ते सांग. आणि घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आलाय का, कुणाला बायपोलर (मूड कधी फार चढतो, कधी फार पडतो तो आजार) आहे का हे विचारून जा. उत्तेजक औषधाने नाडी-बीपी वाढतं आणि बायपोलरवाल्याला ते उलटं पडू शकतं, म्हणून ते विचारतातच. माझे एक काका ४२ व्या वर्षी अटॅकने गेले, हे सांगितल्यावर आधी ईसीजी काढला. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन पण बघितलं, कारण त्याने पण डोकं चालेनासं होतं.

आता तुझी भीती. औषध देणार नाहीत. खरं सांगू, मला लगेच दिलं नाही. मॅडम म्हणाल्या आधी ही गोळी बंद, एनर्जी ड्रिंक बंद, चहा हळूहळू तीनवर, तंबाखूसाठी निकोटीनचं च्युइंगम, सहा आठवड्यांनी या, तेव्हा जे उरेल ते बघू. मी बाहेर येऊन बायकोला म्हटलं, खरं बोलायचं हेच बक्षीस का? दोन रिटर्न त्या सहा आठवड्यात आले, ते कसे भरले माझं मला माहिती. पहिला आठवडा तर मी नुसता झोपत होतो, दुकानात, टेबलावर, कुठंही. पण सहा आठवड्यांनी बीपी १२८/८४, पुढे पहिल्या डॉक्टरांनीच बीपीची गोळी कमी करत बंद केली (ही आपल्या मनाने बंद करू नको). आणि लक्ष? ते तसंच, दप्तर हरवणाऱ्या पोराचं. तेव्हा मॅडम म्हणाल्या आता दिसतंय, एडीएचडी आहे.

मला अ‍ॅटोमॉक्सेटिन चालू केलं, ते उत्तेजकात मोडत नाही, सवयीचा धोका नाही, पण परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि सुरुवातीला मळमळतं, मला दहा-बारा दिवस जेवण नको वाटायचं, शेंगाचटणी-भाकरी समोर आणि मी नको म्हणतोय हे आईला झेपेना. म्हणजे "व्यसनी ठरलो तर काहीच मिळणार नाही" असं नसतं, दुसरे रस्ते असतात. मिथाइलफेनिडेट हे जे लोक एडीएचडीचं मेन औषध म्हणतात ते आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये (सगळ्यात कडक नियमांच्या औषधांच्या यादीत) आहे, चिठ्ठी दोन प्रतीत लागते, एक प्रत मेडिकलवाला दोन वर्षं जपून ठेवतो, त्याला वेगळं लायसन्स लागतं, म्हणून प्रत्येक मेडिकलात ते मिळत पण नाही. इतकं सगळं असताना डॉक्टर आधी चौकशी करणारच, ते तुझ्यावर संशय म्हणून नाही.

बोलायला कसं सुरू करायचं हा प्रश्न मला पण होता. मी सरळ कागद पुढे सरकवला. तू पण तसंच कर, आणि गोळीची रिकामी पट्टी बरोबर ने, नाव चुकीचं सांगण्यापेक्षा बरं. "कधीतरी घेतो" हा शब्द काढून टाक, आठवड्यातून किती, किती वाजता, कधीपासून, चिठ्ठीशिवाय घेतो, हे एका वाक्यात. गोळीने काय फायदा वाटला ते पण सांग, लाजू नको. एक मात्र करू नको, रील्स बघून "मला एडीएचडी आहे, अमुक गोळी द्या" असं जाऊन बसू नको. त्यापेक्षा घडलेलं सांग, माझ्या चादर-टॉवेलच्या घोळासारखं. मॅडमनी लक्षणांच्या यादीपेक्षा तोच किस्सा जास्त वेळ ऐकला.

घरच्यांना कळेल ही भीती असेल तर आत एकट्याने बोलायचंय असं सांगता येतं, मी पहिल्या वेळी एकटाच होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलेला आहे, कुणाच्या जिवाला धोका वगैरे असेल तर अपवाद. राहिला प्रश्न ओळखीचं कुणी बघेल याचा, तर सोलापुरात ते होणारच. मला वेटिंगमध्ये माझीच एक पार्टी भेटली, पेपर तोंडापुढे धरून बसलेली, तोही उलटा नव्हता एवढंच. दोघांनी एकमेकांना बघितलंच नाही असं ठरवलं आणि आजतागायत तो करार टिकून आहे.

डॉक्टर अंगावर ओरडले, "आजकालची पोरं" सुरू केलं, तर दुसरे डॉक्टर बघ, असे पण असतात. पैशाची अडचण असेल तर सरकारी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी आहे, रांग आहे पण आहे. आणि आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन) नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. छातीत दुखतंय, दोन-दोन रात्री डोळा लागत नाही, कानात आवाज येतात असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नको, सरळ कॅज्युअल्टीत जा.

कागद आज रात्रीच लिहायला घे. आणि चहा मोजताना हाफ पण धर.