वळायला ओल, ओढायला कोरडेपणा

प्रश्न : मेहुण्यांनी डोमिनिकन रिपब्लिकहून पंचवीस सिगारची पेटी आणली. मी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारसाठी ठरावीक ओल राखणारी पेटी, विकत घेतला, आतली आर्द्रता ७० टक्क्यांवर ठेवली, दुकानदाराने सांगितलं ते सगळं केलं. तरीही सिगार दर पाच-सात मिनिटांनी विझतो, एकाच बाजूने जळत जातो आणि निम्म्यावर आला की कडू लागतो. दोन सिगारचं वरचं पान पेटवल्यावर उकललं. पेटीच खराब निघाली का? मेहुण्यांना विचारायला संकोच वाटतो. – एक वाचक, दादर

उत्तर : मेहुण्यांना काही विचारू नका. त्यांनी चांगलीच पेटी आणली असणार. तुमचे सिगार सादळलेत, एवढंच झालंय. श्रावणात उघड्या राहिलेल्या पापडाचं जे होतं, तेच.

सत्तरचा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो आणि तो चुकीचाही नाही. पण तो सिगार ठेवण्याचा आकडा आहे. ओढण्याचा आकडा त्याच्या खाली असतो. माझ्या अनुभवात तो ६२ ते ६६ च्या दरम्यान आहे. हा फरक मला कळला तो बोटीवर नोकरी करताना, पण त्याचं मूळ माझ्या लहानपणात आहे, म्हणून आधी ते सांगतो.

माझी आई सिन्नरला घरी विड्या वळायची. तेंदूची पानं ती रात्री पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी ती पानं अशी मऊ झालेली असायची की पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापताना एकही चिरत नसे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि दिवसभर वळणं. पान सुकलं की ती हात थांबवायची, कारण सुकं पान वळताना फाटतं. संध्याकाळी कारखान्यात विड्या पोचत्या केल्या की तिथे त्या भट्टीत शेकल्या जायच्या. ओली विडी पेटत नाही, पेटली तर टिकत नाही, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. वळायला ओल लागते आणि ओढायला कोरडेपणा लागतो. सिगारचंही तसंच आहे. त्याला भट्टी चालत नाही, एवढा एकच फरक.

पुढे मी जहाजावर इंजिनिअर झालो. एका फेरीत आम्ही व्हिएतनामचा तांदूळ घेऊन हवानाला गेलो होतो. बंदरात माल उतरायला बरेच दिवस लागले आणि मला एक सिगारचा कारखाना बघायला मिळाला. वरचं आवरणाचं पान कामगारांच्या हाती देण्याआधी ओलं करतात. त्याशिवाय ते पान ताणता येत नाही. मग 'चावेता' नावाच्या अर्धगोल पात्याने ते कापतात आणि सिगारवर गुंडाळतात. मला वाटलं, झाला सिगार तयार. पण तिथल्या मुकादमाने मला लाकडी कपाटांच्या थंड खोलीत नेलं. त्या कपाटांना ते 'एस्कापाराते' म्हणतात. वळताना आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून तयार सिगार तिथे आठवडेच्या आठवडे नुसते पडून असतात. मला त्या खोलीत उभ्या उभ्या आईची विड्यांची भट्टी आठवली. हजारो मैलांवर, वेगळ्या भाषेत, तीच गोष्ट चालली होती.

आता तुमच्या सिगारमध्ये काय होतं ते बघा. सिगार तीन थरांचा असतो : आत भरलेली पानं, त्यांना बांधणारं पान आणि वरचं आवरण. क्युबात आतल्या पानांचे 'व्होलादो', 'सेको' आणि 'लिहेरो' असे प्रकार करतात. लिहेरो हे झाडाच्या वरच्या भागातलं जाड, कडक पान. ते सावकाश जळतं, म्हणून मधोमध ठेवतात. सिगार ओला असला की आधी तेच पान विझतं. निखाऱ्याची उष्णता तंबाखू जाळण्याऐवजी पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. ओल्या लाकडाची चूल जशी धुमसते, तशीच ही आग धुमसते आणि त्या धुमसण्यातून कडवटपणा येतो. विझू नये म्हणून तुम्ही जोरात आणि लवकर लवकर ओढता, त्याने आणखी कडू होतं. शिवाय ओलं पान फुगलेलं असतं, त्यामुळे हवेची वाट आवळली जाते. पेटवल्यावर आतली पानं गरम होऊन आणखी फुगतात आणि वरचं नाजूक पान उकलतं. तुमचे दोन सिगार उकलले ते त्यामुळेच.

उपाय करण्याआधी एक काम करा, कारण मला तुमच्या हायग्रोमीटरचाच, म्हणजे ह्युमिडॉरमधली आर्द्रता दाखवणाऱ्या यंत्राचाच, संशय येतो. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या. त्यात पाण्याचे चार-पाच थेंब टाका. मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर शेजारी शेजारी हवाबंद डब्यात एक पूर्ण दिवस ठेवा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हा मिठाचा गुणच आहे आणि घरातल्या तापमानाने त्यात फारसा फरक पडत नाही. डबा न उघडता आकडा वाचा. तो ६९ असेल तर तुमचं यंत्र सहाने कमी दाखवतंय, म्हणजे तुमचे सत्तर हे प्रत्यक्षात शहात्तर आहेत. तसं असेल तर घाई करा, कारण तेवढ्या दमट हवेत बुरशी धरते.

आता वाळवण्याकडे येतो. परदेशात सांगतात की ओढायच्या आदल्या दिवशी सिगार ह्युमिडॉरमधून काढून नुसत्या लाकडी पेटीत ठेवा, झाकण लावा, झालं. पेटीत पाण्याचं भांडं नाही, पुडी नाही, काही नाही. त्यांच्या हवेत हे बरोबर आहे. जुलैमधल्या दादरला हे केलंत तर मात्र सिगार वाळायच्या ऐवजी आणखी सादळेल, कारण बाहेरच्या हवेतच ८५-९० टक्के दमटपणा असतो. ही गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे, कारण आपल्या किनाऱ्यावरची माणसं परदेशातला सल्ला जसाच्या तसा उचलतात आणि मग चांगल्या मालाला दोष देतात.

पावसाळ्यात मी असं करतो. सिगारची रिकामी लाकडी पेटी आधी एक रात्र एसीच्या खोलीत उघडी ठेवतो, म्हणजे लाकूड स्वतः कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्यात तीन-चार सिगार एकमेकांना न चिकटवता ठेवतो, सोबत ६२ टक्क्यांची ह्युमिडिटीची पुडी टाकतो आणि पेटी झाकून घट्ट झाकणाच्या डब्यात घालतो. ही पुडी दोन्ही बाजूंनी काम करते. हवा दमट असेल तर ओल शोषते, कोरडी असेल तर सोडते. त्यामुळे ६२ च्या खाली उतरायची भीती नाही. दोन ते चार दिवस पुरतात. डबा मात्र नवा घ्या. ज्यात कधी मसाला, हिंग किंवा सुपारी होती तो डबा कितीही घासला तरी चालणार नाही.

पेटीच्या लाकडाबद्दल एक सांगतो. त्याला स्पॅनिश सीडर म्हणत असले तरी देवदाराशी त्याचं नातं नाही, ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे. त्याचा वास सौम्य असतो आणि ते ओल घेतं-सोडतं. सुताराकडून देवदाराची पेटी करून घेऊ नका. त्याचा तेलकट उग्र वास सिगारमध्ये उतरतो आणि निघत नाही. कडुनिंबाच्याच कुळातला तून आपल्याकडे मिळतो, तो चालतो.

सिगार तयार झाला हे कसं ओळखायचं? बरेच जण कानाशी धरून चुरचुर ऐकतात. माझा त्यावर विश्वास नाही. तीन ठिकाणी अंगठा आणि तर्जनीत हलकं दाबून बघा. ओला सिगार दाबल्यावर दबलेलाच राहतो. तयार सिगार किंचित दबतो आणि हळूच परत वर येतो. फार वाळलेला दबतच नाही, कुरकुरतो. मी याशिवाय वजनही करतो, कारण आयुष्यभर मापं घेण्याची सवय आहे. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा माझ्याकडे आहे. माझा नेहमीचा सिगार बारा ग्रॅमच्या आसपास भरतो आणि ०.१५ ते ०.२ ग्रॅम उतरला की सुरेख जळतो. इतकंसं पाणी, जेमतेम तीन-चार थेंब, आणि त्याने सगळी चव बदलते.

सगळ्या सिगारना सारखेच दिवस लावू नका. माडुरो म्हणजे काळपट, जाड, तेलकट आवरणाचा सिगार ओल धरून ठेवतो, त्याला चार दिवस द्या. कनेक्टिकट पद्धतीचं फिकट, पातळ आवरण असेल तर दीड-दोन दिवस पुरे. त्याहून जास्त वाळवलं तर टोक कापतानाच चिरतं.

ऊन, ओव्हन, केस वाळवायचं यंत्र, यांतलं काहीही वापरू नका. मी तरुणपणी एकदा इंजिन रूममध्ये बॉयलरजवळ सहा सिगार ठेवले होते, संध्याकाळपर्यंत वाळतील म्हणून. वरचं पान आधी वाळून आकसलं, आतली पानं फुगलेलीच होती, आणि सहाच्या सहा उभे चिरले. त्याच संध्याकाळी ओढायचा असेल तर वाळवण्याचा कुठलाच मार्ग नाही. त्या दिवशी ओढू नका.

प्रश्न : वडील म्हणतात, सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून त्याचा त्रास नाही. नीट वाळवला तर टारही कमी होतो असंही ते म्हणतात. खरं आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही खरं नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कॅन्सरचा धोका सिगारने वाढतो. एका मोठ्या सिगारमध्ये दहा-पंधरा सिगारेटींइतका तंबाखू असतो. वाळवण्याने जळणं आणि चव सुधारते, अपाय कमी होत नाही. आणि गॅलरीत ते एकटे बसले असले तरी धूर तुमच्या खोलीत येतोच. माझ्या आईने कधी विडी ओढली नाही, पण तंबाखूची धूळ तिने जन्मभर श्वासात घेतली. तिची शेवटची वर्षं दम लागण्यातच गेली. मी महिन्याला एकच सिगार ओढतो, तोही मोकळ्यावर, आणि जो ओढत नाही त्याला सुरू कर असं कधीच सांगत नाही. वडिलांना हे वाचायला द्या.

प्रश्न : सासऱ्यांच्या कपाटात सिगारची अर्धी पेटी सापडली. चार वर्षं तशीच होती. हात लावला की कुरकुरतात. ते आता नाहीत, आणि त्यांच्या वाढदिवसाला आम्ही दोघं जावई त्यातला एक-एक ओढणार आहोत. परत नीट होतील का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : बऱ्याच अंशी होतील, पण वाढदिवसाला दीड-दोन महिने तरी अवकाश हवा.

आधी उजेडात एकेक सिगार बघा. टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर ती तंबाखूच्या किड्याची आहेत. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद कपाटात त्याची अंडी फुटली नसतील तरच नवल. भोकं असलेले सिगार वेगळे काढा. बाकीचे, भोकं नसली तरी, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर तीन दिवस ठेवा. मग पिशवी न उघडता एक दिवस खालच्या साध्या कप्प्यात, मग बाहेर. घाईने बाहेर काढलेत तर पान तडकेल.

त्यानंतर त्यांना लगेच सत्तरच्या हवेत ठेवू नका. वरचं पान आधी पाणी पितं आणि ताणतं, आतलं अजून कोरडंच असतं. मग आतली पानं फुगली की वरचं फाटतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ६२ ची पुडी ठेवून तीन आठवडे तसेच राहू द्या. आठवड्याला एकदा सिगार अर्धा वळसा फिरवा, बाकी डबा उघडू नका. मग ६५ ची पुडी टाका आणि आणखी तीन आठवडे थांबा. तुम्हाला ६५ च्या वर जायची गरजच नाही, कारण ओढायचं तिथेच आहे. स्पंज किंवा ओला कापूस मुळीच वापरू नका. इतक्या कोरड्या सिगारजवळ ती ओल एका जागी बसते.

पाणी परत येतं, पण इतक्या वर्षांत उडून गेलेली तेलं येत नाहीत. चव थोडी पोकळ लागेल. म्हणून सावकाश ओढा, मिनिटाला एखादाच झुरका, नाहीतर तापून तिखट होईल. टोक कापण्याआधी ते क्षणभर ओठात धरून ओलसर करा, म्हणजे चिरणार नाही. आणि त्या दिवशी दोनऐवजी चार सिगार तयार ठेवा, कारण इतक्या जुन्या सिगारमधला एखादा मध्येच उकलतो. सासऱ्यांच्या नावाने बसला असाल तेव्हा तो बाजूला ठेवून दुसरा हातात घेता आला पाहिजे.