इंकस्केपमध्ये चौरसाच्या बाजू बाहेर फुगवायच्या कशा, कोपरे गोल न करता?

तुमचा प्रॉब्लेम असा दिसतोय की इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) काढलेल्या चौरसाच्या चारही बाजू उशीसारख्या बाहेर आलेल्या हव्यात, कोपरे मात्र टोकदारच राहायला हवेत, आणि तुम्ही वरच्या पट्टीतले आरएक्स-आरवाय (कोपऱ्यांच्या गोलाईचे आकडे) वाढवत बसलात तर नुसते कोपरेच गोल होतायत. होणारच, त्या दोन खान्यांचा बाजूंशी काही संबंध नाही, ते सोडून द्या.

मी नारायण पेठेत लेबलं, स्टिकर, लग्नपत्रिका असली कामं करतो. मागच्या दिवाळीत एका काकूंना चकलीच्या डब्यासाठी हाच आकार हवा होता, त्यांच्या भाषेत "जुन्या टीव्हीच्या काचेसारखा". मी सगळे करतात तेच केलं, चौरस काढला, पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ मारलं, नोड टूल (रेषेवरचे बिंदू म्हणजे नोड, ते हलवायचं साधन) घेतलं आणि एकेक बाजू माउसने धरून बाहेर ओढली. स्क्रीनवर झकास दिसत होतं हो. कटिंग होऊन आलं तर उजवी बाजू जास्त सुजलेली, दाढ दुखत असलेल्या माणसाच्या गालासारखी, आणि शंभर स्टिकर माझ्याच खिशातून परत छापावे लागले. अंदाजाने ओढलेल्या चार बाजू सारख्या येत नाहीत.

तेव्हापासून मी बाजू ओढतच नाही, चार वर्तुळं वापरतो. समजा चौरस 100 एमएमचा आहे आणि प्रत्येक बाजू मध्यावर 10 एमएम बाहेर यायला हवी. मग 130 एमएम त्रिज्येची, म्हणजे रुंदी-उंची 260 असलेली चार वर्तुळं एकावर एक ठेवा आणि ट्रान्सफॉर्म पॅनलमधून एक 70 एमएम वर, एक 70 खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे सरकवा (रिलेटिव्ह मूव्हची टिक असू द्या, नाहीतर वर्तुळ भलतीकडेच जाऊन बसतं). चारही सिलेक्ट करून पाथ मेनूतलं इंटरसेक्शन. मधला सगळ्यांचा सामाईक भाग उरतो तोच तुमचा चौरस. नोड टूलने क्लिक करून बघा, कोपऱ्यांत 4 आणि बाजूंच्या मध्यावर 4 असे 8 नोड दिसले की काम झालं.

130 आणि 70 कुठून आले? अर्ध्या बाजूचा वर्ग अधिक फुगवट्याचा वर्ग, भागिले दुप्पट फुगवटा, ही त्रिज्या. इथे 2500 अधिक 100 भागिले 20, म्हणजे 130. त्यातून अर्धी बाजू आणि फुगवटा वजा केला की किती सरकवायचं ते कळतं, 130 वजा 60 म्हणजे 70. फुगवटा 5 च हवा असेल तर त्रिज्या 252.5 आणि सरकवायचं 197.5.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक, वर्तुळांना स्ट्रोक (कडेची रेघ) असेल तर इंकस्केप एरवी त्याची जाडीसुद्धा मापात धरतं, म्हणून आधी स्ट्रोक काढून टाका आणि मगच 260 टाइप करा. दुसरं, हा आकार मध्यावर 100 नाही, 120 एमएम रुंद होतो, झाकणावर बसतो का ते आधी पट्टीने मोजा.

नोड आणि हँडलनेच (हँडल म्हणजे नोडमधून निघणारा, रेषेला वळण देणारा दांडा) करायचं असेल तरी चालेल, फक्त एक लक्षात ठेवा की रेष हँडलपर्यंत पोचत नाही. बाजूच्या दोन्ही टोकांची हँडल्स सारखीच बाहेर काढली तर मध्यावर रेष त्याच्या पाऊण पटच बाहेर येते, म्हणजे 9 एमएम फुगवटा हवा तर हँडल्स 12 एमएम बाहेर न्यायची, आणि आडवी बघितली तर बाजूच्या एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश अंतरावर ठेवायची. चारही बाजूंना हे करताना हात दुखतो, म्हणून मी आपला वर्तुळवाला.