मेळ्याचा प्रमुख झालास, आता हे ऐक

बाळा, यंदा रोमटामेळाची, म्हणजे ढोल-ताशे वाजवत जाणाऱ्या आपल्या पथकाची, जबाबदारी तुझ्यावर आली, मनापासून बरं वाटलं. नुसता आवाज मोठा असून भागत नाही, ऐकून घ्यायची तयारी हवी. शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, मिरवणुकीत नंबर लागेपर्यंत पोरं रस्त्यावर ताटकळतात. तेव्हा पाण्याची बाटली आधी मागच्या कासाळेवाल्याला, म्हणजे मोठी झांज वाजवणाऱ्याला, दे, तू शेवटी पी. पहिल्या वर्षी ताल चुकला तेव्हा मी सगळ्यांदेखत एका ढोलवाल्यावर ओरडलो. इशारा माझाच उशिरा गेला होता. पुढच्या शिगम्याला तो आलाच नाही, आजही सलतं. भाऊसाहेब बांदोडकर १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, तरी लोकांचे भाऊच राहिले. तालमीला सगळ्यांच्या आधी पोच. आणि हिशेबाची वही मांडावर, म्हणजे गावाच्या जमायच्या जागी, उघडी ठेव.