कॉलेजची एक बास्केटबॉल मॅच जिंकली म्हणून लोक रडतात? एवढं काय असतं त्यात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत कॉलेजच्या टीमने दुसऱ्यांच्या कोर्टवर जाऊन, मागून येऊन मॅच काढली की लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारून रडतात ते का. मी स्वतः रडलोय म्हणून सांगतो.

८ फेब्रुवारी २०१२, बुधवारची रात्र. मी ड्यूक युनिव्हर्सिटीत एमएसच्या पहिल्या वर्षाला होतो, राहायचो डरहॅममध्ये, आणि माझा रूममेट, मूळचा कोल्हापूरचा, तो शिकायला चॅपल हिलला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीला. दोन्हींमधलं अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, त्यामुळे हे भांडण अगदी भाऊबंदकीसारखं आहे, एकाच घरात गडद निळे आम्ही आणि फिकट निळे ते.

मॅच त्यांच्या डीन स्मिथ सेंटरला, एकवीस हजारांच्या वर माणूस मावतं तिथे. तीन मिनिटंसुद्धा उरली नव्हती आणि ८२-७२ असे ते पुढे. रूममेट इतका निवांत की त्याने भांडी घासायला घेतली, आणि खरं सांगतो, मी पण मनातून मॅच सोडून दिली होती. मग आमच्या थॉर्नटनने एक थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) मारला, मागोमाग सेथ करीने (एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या स्टेफ करीचा धाकटा भाऊ) एक, मग आमच्याच केलीचं दोन पॉइंटचं बास्केट, मध्ये त्यांचा फक्त एक पॉइंट. नंतर जे झालं ते विचित्रच, केलीचा शॉट हुकला आणि रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल पकडायला, उडालेल्या त्यांच्याच टायलर झेलरचा हात लागून बॉल आत गेला, पॉइंट आम्हाला. ८३-८२. लगेच झेलरला फाउलचे दोन फ्री थ्रो (एकेका पॉइंटचे मोकळे शॉट), त्यातला एक गेला, एक हुकला. ८४-८२. शेवटचा बॉल ऑस्टिन रिव्हर्सकडे, फर्स्ट इयरचा पोरगा, वडील डॉक रिव्हर्स एनबीएतले कोच आणि ते त्या रात्री प्रेक्षकांत बसलेले. समोर सात फुटी झेलर हात वर करून. रिव्हर्सने त्या हातावरून थ्री सोडला, वेळ संपल्याचा बझर वाजला आणि बॉल जाळीत. ८५-८४, मॅच आमची.

टीव्हीवर एका क्षणात एकवीस हजार माणसांचा आवाज बंद पडला आणि त्या शांततेत फक्त आमची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. मी ओरडत पॅसेजमध्ये गेलो तर समोरच्या फ्लॅटमधल्या साठीच्या बाई ड्यूकचा स्वेटशर्ट घालून बाहेर आलेल्या, तोवर आमचं कधी हाय-हॅलोच्या पुढे गेलं नव्हतं, त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले, त्यांचे डोळे भरलेले, मग माझेही भरले. आपलं म्हणावं असं कुणी नाही, सगळं स्टेडियम विरोधात, आणि तिथे आपली पोरं टिकून राहिली, हे बघितल्यावर आत काहीतरी हलतंच. मीही त्या देशात सहा महिन्यांचा पाहुणा होतो, मला तर ते फारच आतून लागलं.

घरात आलो तर रूममेट सिंकपाशी तसाच उभा, नळ चालू, हातात कुकरचं झाकण. मी गप्प बसलो. नाशिकला तेव्हा सकाळचे दहा वाजत आले होते, बाबांना फोन लावला, सगळं ऐकून ते म्हणाले, म्हणजे त्या दुसऱ्या पोरांचं शारजा झालं की रे. १९८६ चं, मियांदादचा शेवटच्या बॉलवरचा सिक्स. आणि म्हणाले, त्या उंच पोराला शिव्या देऊ नका, चेतन शर्माला आम्ही लय दिल्या आणि पुढच्याच वर्षी नागपूरला वर्ल्ड कपमध्ये त्याने हॅटट्रिक घेतली. बाबांचं बरोबर निघालं, झेलरने त्या रात्री सुद्धा २३ पॉइंट केले होते आणि त्या सीझनचा एसीसीचा (या दोन्ही कॉलेजांच्या लीगचा) प्लेअर ऑफ द इयर तोच झाला.

३ मार्चला कॅरोलायनाने आमच्या कोर्टवर येऊन आम्हाला ८८-७० ने धुतलं. रूममेट एक शब्द बोलला नाही, फक्त चहा करून माझ्यापुढे ठेवला.

व्हिडिओ सापडेल तुम्हाला, शेवटची अडीच मिनिटं बघा, पण आवाज बंद करून बघू नका.