‘तौरात बदलली’ असं लिहिण्याआधी : माझं गेलेलं एक वर्ष

तुमचा प्रश्न वाचला आणि माझा जुना प्रबंधच डोळ्यांसमोर आला. ‘कुराण एकीकडे म्हणतं तौरातीत (मूसाला मिळालेल्या ग्रंथात, ज्यूंच्या तोरात) मार्गदर्शन आणि प्रकाश आहे (५:४४, म्हणजे अध्याय ५, आयत ४४), दुसरीकडे म्हणतं ज्यूंनी शब्द बदलले. मग खरं काय?’ माझ्या पहिल्या प्रकरणात जवळजवळ हेच वाक्य होतं. पुढे मी ‘इस्लामच्या मते तौरात भ्रष्ट आहे’ असं ठोकून दिलं, आणि त्या एका ओळीपायी वर्ष घालवलं.

आधीच सांगते, मी आलिमा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र शिकलेली विदुषी, नाही. हिब्रू येत नाही, अरबी म्हणाल तर कोश शेजारी ठेवून अडखळत वाचण्याइतपत. तेव्हा हा धार्मिक निर्णय समजू नका. मूसाला (बायबलमधल्या मोशेला) तौरात, दाऊदला जबूर, ईसाला (येशूला) इंजील हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

माझी चूक ‘तहरीफ’ (ग्रंथाचे शब्द किंवा अर्थ फिरवणं) या शब्दापाशी झाली. हाताशी होतं ते भाषांतर सगळीकडे ‘बदलले’ म्हणून मोकळं झालेलं, आणि मी मूळ उघडून पाहिलंच नाही. ४:४६ मध्ये आणि ५:१३ मध्ये आहे ते असं, की ते शब्दांना त्यांच्या जागेवरून हलवतात. ४:४६ मध्ये तर लगेच उदाहरणही आहे: ‘ऐकलं’ म्हणायचं आणि त्याला ‘पण मानलं नाही’ जोडायचं, जीभ वळवून. ३:७८ मध्येही जीभच. प्रत्यक्ष लिहिण्याचा आरोप येतो तो २:७९ मध्ये, स्वतःच्या हातांनी लिहून ‘हे देवाकडून आलं’ म्हणणाऱ्यांवर. या दोन गोष्टी मी एकाच पोत्यात भरल्या.

बुखारींच्या संग्रहातली एक हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने आलेली नोंद) मला फार उशिरा सापडली. व्यभिचाराचा एक खटला पैगंबरांपुढे येतो, तौरात आणून वाचायला सांगतात. वाचणारा दगडांनी मारण्याच्या आज्ञेवर हात ठेवतो आणि पुढचं-मागचं वाचून दाखवतो. ज्यू धर्मातून इस्लाममध्ये आलेले अब्दुल्लाह इब्न सलाम म्हणतात, हात उचल. हात उचलला, तर आज्ञा तिथेच. म्हणजे या प्रसंगात शब्द जागच्या जागी आहेत, लपवणं माणसाचं आहे. ३:९३ मध्येही ‘तौरात आणा आणि वाचा’ असं आव्हान आहे.

यावरून ‘म्हणजे इस्लामला तौरातीचा मजकूर जसाच्या तसा मान्य आहे’ असं दुसरं टोक गाठू नका. अकराव्या शतकातला कोर्दोबाचा (स्पेनमधला) विद्वान इब्न हज्म मजकूरच बदललेला आहे यावर ठाम होता. आकड्यांतल्या विसंगती त्याने एकेक करून मांडल्या, आणि मोशेच्या मृत्यूची हकिकत मोशेच्याच ग्रंथात कशी, हेही विचारलं. उलट चौदाव्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दून याला लोक आपल्या धर्मग्रंथाचे शब्दच बदलतील हे पटत नव्हतं, अर्थ फिरवतील इतकंच. पंधराव्या शतकात अल-बिकाईने कुराणावर भाष्य करताना बायबलचे उतारे घेतले, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ल्यावर समर्थनार्थ वेगळा ग्रंथ लिहिला. माझ्या मते ‘इस्लाम म्हणतो’ हे शब्द या विषयात वापरूच नयेत. कोण म्हणतो, आणि कुठल्या तहरीफबद्दल, ते लिहा.

परीक्षकाने सात महिन्यांनी माझ्या त्या ओळीसमोर पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: ‘कोणाच्या मते?’ बरोबर होतं त्याचं. राग आहे तो कार्यालयावर. मराठी बायबलमध्ये तोराच्या पाचव्या पुस्तकाचं नाव ‘अनुवाद’ आहे. मी ‘अनुवाद, अध्याय ३४’ असा संदर्भ दिला, तर ‘अनुवादकाचे नाव नाही’ असा शेरा मारून प्रबंध परत. समजवायला तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाईंनी विचारलं, ‘मग मूळ ग्रंथाचंच नाव द्या ना.’ असो.

५:४८ मात्र सावकाश वाचा. तिथे कुराण स्वतःला आधीच्या ग्रंथाला दुजोरा देणारं म्हणतं आणि ‘मुहैमिन’ही म्हणतं, म्हणजे त्यावर देखरेख ठेवणारं. तुम्हाला जी विसंगती वाटते ती या एका आयतीत दोन शब्दांत शेजारी-शेजारी बसलेली आहे. तुमचं प्रकरण इथून सुरू करा, असं मी तरी म्हणेन.

आणखी एक. तौरात म्हणजे ज्यूंचा सगळा धर्मग्रंथसंग्रह असं धरू नका. २१:१०५ मध्ये जबूरचा हवाला आहे, त्याच्याशी जुळणारी ओळ स्तोत्रसंहितेत ३७:२९ ला मिळते. पण ५:३२ मधलं ‘एकाला मारलं तर जणू सगळ्यांना मारलं’ हे तोरात शोधत बसलात तर माझ्यासारखा आठवडा जाईल. त्याचं जुळणारं वचन मिश्नात (ज्यूंच्या मौखिक कायद्याच्या संग्रहात) आहे, सॅनहेड्रिन प्रकरणात.

जुनं युरोपीय भाषांतर वापरत असाल तर आयतींचे क्रमांकही तपासून घ्या. फ्ल्यूगेलच्या १८३४ च्या कुराण-आवृत्तीवर बेतलेल्यांत ते आजच्या क्रमांकांशी जुळत नाहीत.